अनगोळची फाइल, चंदगडची प्रत

१ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. त्यातला चंदगड तालुका मात्र कोल्हापूर जिल्ह्याला जोडला गेला. तेव्हापासून सीमाभागातल्या कित्येक घरांत कागदांची वाटणी विचित्र होऊन बसली आहे. आजोबांच्या वेळचे मोडीतले कागद बेळगावातल्या अनगोळच्या घरी, काही जमीन चंदगडकडं, इकडच्या जमिनीचे पुढचे उतारे कन्नडमध्ये, आणि या सगळ्याचं स्कॅन पुण्याला नोकरी करणाऱ्या मुलाच्या लॅपटॉपवर. गावोगावच्या वाचनालयांतल्या जुन्या नोंदवह्या आणि संमेलनांच्या स्मरणिका यांचीही तीच गत. स्कॅन करायला आता मोबाइल पुरतो. अडतं ते पुढं, सगळं ठेवायचं कुठं या प्रश्नावर.

गुगल ड्राइव्हवर १५ जीबी फुकट मिळतात आणि रंगीत स्कॅन करणाऱ्या मंडळाला ते लवकरच कमी पडतात. शिवाय खातं कुणा एकाच्या नावावर असतं. तो माणूस दुबईला गेला किंवा मंडळातून रुसून बाहेर पडला की पासवर्डही त्याच्याबरोबर जातो. यावरचा दुसरा मार्ग म्हणजे पीअर-टू-पीअर साठवण. आपलेच चार कॉम्प्युटर एकमेकांशी थेट बोलतात, प्रत्येकाकडं पूर्ण प्रत राहते आणि फाइली ठेवणारी कंपनी मध्ये नसते. यासाठी बरेच प्रोग्राम आहेत. इथं मुख्यतः ‘सिंकथिंग’बद्दल लिहितो, कारण तो फुकट आहे, त्याचा सोर्स कोड खुला आहे आणि जुन्या डेस्कटॉपवरही तो बऱ्यापैकी चालतो. २०१३ मध्ये तो पहिल्यांदा बाहेर आला.

आधी आतलं यंत्र पाहू. प्रोग्राम प्रत्येक फाइलचे तुकडे पाडतो. फाइल लहान असेल तर १२८ किलोबाइटचे, फार मोठी असेल तर १६ मेगाबाइटपर्यंतचे. प्रत्येक तुकड्यावर एसएचए-२५६ नावाचं गणित चालवलं की ६४ अक्षरांचा एक ठसा मिळतो. तुकड्यात एक अनुस्वार जरी बदलला, ‘बेळगाव’चं ‘बेळगांव’ झालं, तरी ठसा थोडासा न बदलता पार वेगळाच येतो. अनगोळचा कॉम्प्युटर चंदगडच्या कॉम्प्युटरला ठशांची यादी पाठवतो. ज्या तुकड्यांचे ठसे जुळत नाहीत तेवढेच तारेवरून जातात. आलेल्या तुकड्याचा ठसा चंदगडला पुन्हा काढला जातो. वाटेत एक बिट जरी इकडंतिकडं झाला असेल तर तुकडा नाकारला जातो. दोन वेगवेगळ्या तुकड्यांचा ठसा एकच आल्याचं एकही उदाहरण आजवर जगासमोर आलेलं नाही. म्हणजे प्रत जशीच्या तशी पोचली का, ही काळजी गणितानं मिटवलेली आहे. खरी भानगड भोवतालची असते: लाईट, राउटर, घड्याळ आणि आपली देवनागरी.

प्रोग्राम सोर्सपासून स्वतः बांधण्याची गरज शंभरातल्या नव्व्याण्णव जणांना नसते. हौस असेल तर अवघडही नाही. तो ‘गो’ या भाषेत लिहिलेला आहे, गोचं ताजं व्हर्जन टाकलं की एका कमांडमध्ये तयार होतो आणि शेवटी हाती एकच फाइल येते. ती पेनड्राइव्हवर घेऊन कुठंही चालवता येते. गो जुनं असेल तर काम सुरुवातीलाच अडतं. तयार प्रोग्राम उतरवून घेणाऱ्यांनी साइटवर दिलेला ठसा आपल्या फाइलच्या ठशाशी ताडून बघावा. मित्राच्या पेनड्राइव्हवरून आलेल्या प्रोग्रामबाबत तर नक्कीच.

पहिल्यांदा सुरू केल्यावर प्रोग्राम स्वतःसाठी एक प्रमाणपत्र तयार करतो. त्या प्रमाणपत्राचा ठसा म्हणजेच त्या यंत्राची ओळख. ती ५६ अक्षरांची असते, सात-सात अक्षरांच्या आठ गटांत. यातली चार अक्षरं नुसती तपासणीची, त्यामुळं टाइप करताना एखादं अक्षर चुकलं तर प्रोग्राम लगेच हरकत घेतो. अक्षरं ए ते झेड आणि २ ते ७ एवढीच वापरतात. कुणी ओच्या जागी शून्य, आयच्या जागी एक किंवा बीच्या जागी आठ लिहिलं तर ते समजून घेतलं जातं. फोनवर ओळख वाचून दाखवणाऱ्यांचा विचार कुणीतरी केलेला आहे. ही ओळख गुप्त नसते, व्हॉट्सॲपवर पाठवली तरी चालते, कारण दोन्ही बाजूंनी एकमेकांना मान्य केल्याशिवाय जोडणी होत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाची सेटिंग. फाइली सगळीकडं सारख्या ठेवणं म्हणजे बॅकअप घेणं नव्हे. अनगोळला कुणी चुकून फोल्डर उडवलं तर चंदगडचंही उडतं, कारण दोन्हीकडं सारखं ठेवण्याची आज्ञा प्रोग्राम इमानदारीनं पाळतो. म्हणून ‘फाइल व्हर्जनिंग’ चालू करावं. त्यातला टप्प्याटप्प्याचा प्रकार मला सगळ्यांत समंजस वाटतो. त्यात शेवटच्या दिवसातल्या तासातासाच्या, महिन्यातल्या दिवसादिवसाच्या आणि पुढं वर्षापर्यंत आठवड्याआठवड्याच्या जुन्या प्रती राखल्या जातात. यात एक खोच आहे. जुनी प्रत तेव्हाच राखली जाते जेव्हा बदल दुसऱ्या यंत्राकडून येतो. आपल्याच हातानं आपल्याच यंत्रावर उडवलेली फाइल आपल्याकडं उरत नाही, ती उरते समोरच्याकडं. म्हणून व्हर्जनिंग चारही ठिकाणी लावायचं, एकाच ‘मुख्य’ कॉम्प्युटरवर लावून समाधान मानायचं नाही.

सेटिंग झाली तरी ‘डिसकनेक्टेड’ हा शब्द पडद्यावरून हलत नाही, ही पहिली तक्रार. कारण बहुधा राउटर. जगात आयपीव्ही-४ चे, म्हणजे इंटरनेटवरच्या यंत्रांचे जुन्या पद्धतीचे, पत्ते अपुरे पडल्यामुळं इंटरनेट कंपन्या शेकडो गिऱ्हाइकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागं बसवतात. अख्ख्या चाळीला एकच पत्रपेटी असावी तसं. घरातून गेलेल्या पत्राचं उत्तर परत येतं, पण बाहेरून कुणी पहिलं पत्र टाकलं तर ते कुठल्या खोलीत द्यायचं हे कळत नाही. राउटरच्या पानावर बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांतल्या आकड्यांनी सुरू होत असेल तर आपण अशा चाळीत राहतो असं समजावं. मग राउटरमध्ये २२००० हा पोर्ट, म्हणजे प्रोग्रामचं आत येण्याचं दार, उघडूनही काही होत नाही. त्यात कितीतरी जण संध्याकाळ घालवतात.

उपाय तीन. एक, दोन्हीकडून एकाच वेळी पत्र पाठवायचं. प्रत्येक राउटरला वाटतं की समोरून आलेलं पाकीट हे आपल्याच पत्राचं उत्तर आहे, आणि तो ते आत सोडतो. प्रोग्राम हे स्वतःच करून बघतो आणि पुष्कळदा जमतं. दोन, आयपीव्ही-६ ही पत्त्यांची नवी पद्धत. त्यात प्रत्येक यंत्राला स्वतःचा पत्ता असतो. लँडलाइनच्या जुन्या राउटरवर ते बंद असेल तर चालू करून बघावं. तीन, रिले. हे स्वयंसेवकांनी जगभर चालवलेले सर्व्हर असतात. मजकूर दोन टोकांमध्येच कुलूपबंद असल्यामुळं रिलेवाल्याला तो वाचता येत नाही, पण वेग रडतखडत मिळतो. पडद्यावर ‘रिले’ दिसलं आणि स्कॅनचा गठ्ठा दिवसभर रेंगाळला की दोष प्रोग्रामचा नव्हे. मोठी पहिली प्रत हार्ड डिस्कवर घालून एसटीनं चंदगडला न्यावी, त्याच फोल्डरवर प्रोग्राम जोडावा. ठसे जुळले की पुन्हा काहीच उतरवावं लागत नाही.

दुसरी तक्रार पावसाळ्यातली. खानापूर तालुक्यात, जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला पाऊस लागला की लाईट जाते आणि कधी येईल ते सांगता येत नाही. अर्धवट उतरलेली फाइल मात्र वाया जात नाही. ती तात्पुरत्या नावानं २४ तास ठेवलेली असते, लाईट आली की उरलेल्या तुकड्यांपासून काम पुढं चालू. जुन्या डेस्कटॉपचा घात वेगळ्या ठिकाणी होतो. मदरबोर्डवरचा रुपयाएवढा सेल संपलेला असतो, त्यामुळं लाईट गेली की घड्याळ कित्येक वर्षं मागं जातं. मग प्रमाणपत्रांच्या तारखा जुळत नाहीत आणि यंत्रांचे पत्ते शोधून देणारी सेवा नाकारली जाते. त्याहून वाईट म्हणजे, एकच फाइल दोन ठिकाणी बदलली गेली तर प्रोग्राम वेळ बघतो. जुन्या वेळेची प्रत बाजूला सारून तिच्या नावात ‘सिंक-कॉन्फ्लिक्ट’ असं घालतो. घड्याळ मागं असलेल्या यंत्रावरची ताजी दुरुस्ती अशा वेळी ‘जुनी’ ठरते. उडत नाही, पण शोधल्याशिवाय दिसतही नाही. सीआर २०३२ नंबरचा सेल बदलला की हे प्रकरण संपतं.

तिसरी तक्रार आपल्या लिपीची आहे आणि इंग्रजी माहितीपत्रकात ती सापडणार नाही. लिनक्स आणि अँड्रॉइडवर फाइलच्या नावाला साधारण २५५ बाइटची मर्यादा असते. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं, मात्रा, वेलांटी आणि हलन्तसुद्धा. म्हणजे फार तर ८५ चिन्हं. विंडोजवर मोजणी वेगळी असल्यानं तिथं त्याच्या तिप्पट नाव बसतं. मंडळाच्या कार्यवाहांनी विंडोजवर स्मरणिकेच्या फाइलला गाव, साल, अध्यक्ष आणि विषय असं साग्रसंगीत नाव दिलं की ती फाइल मोबाइलवर उतरतच नाही. त्याउलट, लिनक्सवर कुणी ‘दु:ख’ किंवा ‘अंत:करण’ लिहिताना विसर्गाऐवजी कोलन टाइप केला, आणि आपल्यातले बहुतेक जण तसंच करतात, तर ती फाइल विंडोजवर अडते, कारण विंडोजला नावात कोलन चालत नाही.

आणि तो ‘ऱ’. ‘शेतकऱ्यांची यादी’ या नावातला ‘ऱ’ युनिकोडमध्ये दोन तऱ्हेनं लिहिता येतो: एकसंध चिन्ह म्हणून, किंवा ‘र’ आणि त्याखाली नुक्ता अशी दोन चिन्हं म्हणून. डोळ्याला दोन्ही एकच. मॅकची जुनी फाइलपद्धती दुसरी तऱ्हा वापरायची, विंडोज आणि लिनक्सवर बहुतेक पहिली. परिणामी एकाच नावाच्या दोन फाइली शेजारी शेजारी दिसतात आणि पाहणाऱ्याला वाटतं प्रोग्राम बिघडला. सिंकथिंगमध्ये ही नावं आपोआप जुळवण्याची सोय मुळात चालू असते. ती कुणी बंद केली असेल तर आधी तिकडं बघावं.

चार प्रतींचा हिशोब सोपा वाटतो. प्रत्येक कॉम्प्युटर दहातला एक भाग वेळ बंद असतो असं धरलं, तर चारही एकदम बंद असण्याची शक्यता दहा हजारांत एक. पण हा गुणाकार घटना एकमेकींपासून स्वतंत्र असतील तेव्हाच खरा. चारही यंत्रं अनगोळच्या एकाच फीडरवर, म्हणजे विजेच्या एकाच वाहिनीवर, असतील तर लाईट चौघांची एकदमच जाते, आणि चार प्रतींचं मोल एका प्रतीएवढंच उरतं. म्हणून एक निपाणीला, एक खानापूरला, एक चंदगडला. नकाशावरची ओढाताण इथं कामाला येते.

आयपीएफएससारख्या जगभर पसरलेल्या जाळ्याबद्दल लोकांचा एक गैरसमज असतो की एकदा टाकलं की कायमचं राहिलं. तिथं फाइलचा पत्ता तिच्या मजकुराच्या ठशावरूनच तयार होतो, आणि दहा लाख यंत्रांतून ती शोधायला वीसेक टप्पे पुरतात. हे खरोखर देखणं आहे. पण ‘पिन’ करून कुणीतरी ती धरून ठेवली तरच ती असते. सगळ्यांनी सोडली की पत्ता बरोबर, घर रिकामं.

चंदगडच्या ज्या दुकानदाराच्या कॉम्प्युटरवर प्रत ठेवायची त्यानं जमिनीचे कागद वाचू नयेत असं वाटत असेल, तर फोल्डर वाटताना त्या यंत्रापुरता पासवर्ड घालता येतो. मग त्याच्याकडं फाइलींची नावंसुद्धा अगम्य दिसतात, आणि तरी निपाणीची डिस्क गेली तर प्रत त्याच्याकडून परत मिळते. हा पासवर्ड आपण विसरलो की ती प्रत उघडायचा कुठलाही मार्ग नाही. तो कागदावर लिहून दोन घरांत ठेवावा, आणि एकदा तरी रिकाम्या लॅपटॉपवर फक्त चंदगडकडून सगळं परत उतरवून पाहावं.