विस्मृत महाकाय

डेन्मार्कमध्ये कोपनहेगनच्या पश्चिमेकडील रानांत, तळ्यांकाठी व टेकाडांवर उभारलेली टाकाऊ लाकडाची सहा प्रचंड शिल्पे. डॅनिश शिल्पकार टोमास डाम्बो (जन्म १९७९) यांनी ती २०१६ मध्ये स्थानिक स्वयंसेवकांच्या मदतीने घडवली. रोडोव्र, व्हिडोव्र, व्हॅलेन्सबेक, इशॉय, आल्बर्ट्सलुन व होये-टोस्ट्रुप या सहा नगरपालिकांत प्रत्येकी एक शिल्प आहे.

जगभर ही शिल्पे ‘ट्रोल’, म्हणजे उत्तर युरोपीय लोककथांतील अमानुष प्राणी, म्हणून ओळखली जातात. मूळ डॅनिश नावात मात्र ‘केम्पे’ हा शब्द आहे. त्याचा जुना अर्थ योद्धा. अजस्र देहाचा पुरुष हा अर्थ नंतरचा. प्रागैतिहासिक दफनटेकाडाला डॅनिशमध्ये ‘केम्पेहॉय’ म्हणतात, म्हणजे त्या भूमीत महाकाय आणि टेकडी यांची सांगड जुनीच आहे. ‘ट्रोल’च्या व्युत्पत्तीबाबत एकमत नाही. प्राचीन नॉर्स (जुन्या स्कँडिनेव्हियन) वाङ्मयात तो शब्द राक्षस, चेटकीण, पिशाच अशा कोणत्याही अमानुष शक्तीला लावलेला आढळतो. डॅनिश लोककथांतला ट्रोल बहुधा टेकडीच्या पोटात कुटुंबकबिल्यासह राहणारा, पुष्कळदा ठेंगणा. डोंगराएवढा, झुपकेदार केसांचा ट्रोल रूढ झाला तो प्रामुख्याने नॉर्वेतील आस्ब्यर्नसेन व मू यांचे लोककथासंग्रह (१८४० च्या दशकापासून) व थेओडोर किटेलसेन (१८५७–१९१४) यांची चित्रे यांमुळे. डाम्बो यांची शिल्पे रूपाने या नॉर्वेजियन चित्रपरंपरेला अधिक जवळची वाटतात.

मालासाठी सुमारे ६०० पॅलेट (मालवाहतुकीत सामान ठेवण्याचे, ठोकळ्यांवर फळ्या ठोकलेले लाकडी तळ), एक जुने कुंपण व एक मोडकी खोपटी वापरल्याची नोंद आहे. युरोपीय प्रमाणित पॅलेट १२०० × ८०० × १४४ मिमी. असून त्यात ७८ खिळे असतात. फळी टोकाकडून पहारीने उचकटली की खिळ्याच्या रेषेत चिरते. म्हणून ठोकळ्यालगत दोन्ही बाजूंनी थोडीथोडी सैल करावी लागते. ‘एचटी’ शिक्क्याचे, म्हणजे गाभ्यापर्यंत ५६° से. तापमानाला ३० मिनिटे तापवलेले लाकूड घ्यावे. ‘एमबी’ शिक्क्याच्या लाकडाला मिथिल ब्रोमाइडची धुरी दिलेली असते, ते टाळावे. आत जाड लाकडांचा सांगाडा, त्यावर कौलांप्रमाणे एकावर एक चढवलेल्या आखूड फळ्या व केसांच्या जागी झाडाच्या फांद्या अशी रचना असते. चेहरा, हात व पावले पुष्कळदा कार्यशाळेत तयार करून आणतात. धड जागेवरच उभे राहते.

शिल्पे मुद्दाम वहिवाटीच्या वाटांपासून दूर ठेवलेली आहेत. डाम्बो यांच्या संकेतस्थळावरील नकाशावर ठिकाण पाहावे, उपनगरी रेल्वेने आल्बर्ट्सलुन किंवा इशॉय गाठावे व पुढे सायकलने जावे. या रेल्वेत सायकल विनामूल्य नेता येते. सहाही शिल्पे एका दिवसात पायी होत नाहीत. रोडोव्रचा ‘झोपलेला लुई’ टेकाडावर आडवा आहे. त्याच्या उघड्या तोंडात मूल सहज शिरते. होये-टोस्ट्रुपचा ‘प्रेमळ टेडी’ पाण्यावर हात पसरून बसला आहे. व्हिडोव्रच्या ‘ट्रीने’च्या तळहातांवर चढून सारा सपाट मुलूख न्याहाळता येतो. व्हॅलेन्सबेकच्या ‘छोट्या टिल्डे’च्या अंगात पाखरांसाठी २८ घरटी बसवली आहेत, वसंतात, अंडी-पिल्लांच्या दिवसांत, तिथे हात घालू नये.

पॅलेटचे लाकूड मुख्यतः पाइन-स्प्रूसचे, म्हणून उघड्यावर अल्पायुषी. लाकडातील ओलावा २० टक्क्यांच्या वर टिकून राहिला की बुरशी धरते. आधी कुजतात जमिनीला टेकलेले पाय व कापलेली टोके, कारण आडव्या कापातून पाणी भराभर शोषले जाते. सांध्यांत साचलेला पालापाचोळा ओल धरून ठेवतो. तो वेळोवेळी काढावा. पावसानंतर फळ्यांवर शेवाळाचा निसरडा थर येतो व ओल-उन्हाच्या फेऱ्यांनी खिळे वर येतात, तेव्हा पृष्ठभाग पाहूनच चढावे. एकाच आडवाटेने सतत ये-जा झाल्यास माती दबून झाडांच्या मुळांना हवा व पाणी मिळेनासे होते. वाट सोडू नये हे त्यासाठीच.

डाम्बो यांनी पुढे इतर देशांतही असे महाकाय उभारले. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात ब्रेकनरिजच्या पायवाटेवर २०१८ मध्ये उभारलेला ‘आयझॅक हार्टस्टोन’ इतकी गर्दी खेचू लागला की शेजारच्या रहिवाशांच्या तक्रारींवरून त्याच वर्षी तो काढावा लागला. २०१९ मध्ये त्याच गावात दुसऱ्या जागी तो पुन्हा उभा राहिला.