पक्ष्यांच्या जीवाश्मांचा विद्यार्थी टेबलावर काय करतो, आणि का

पक्ष्यांची उत्क्रांती हा विषय घेतलेल्या विद्यार्थ्याची सुरुवात बहुधा कोंबडीच्या पंखापासून होते. आपल्याकडे तर दुसरी सोयच नाही. रानपाखरू मेलेलं सापडलं तरी १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे ते परवानगीशिवाय नेता येत नाही. अख्खा पंख ३५ ते ४० अंश सेल्सिअसच्या कोमट पाण्यात ठेवायचा, पाणी अधूनमधून बदलायचं आणि मांस कुजून आपोआप सुटू द्यायचं. घाई करून उकळलं तर चरबी हाडात मुरते आणि हाड कायमचं पिवळट, तेलकट राहतं. पाणी ओतताना खाली चहाची गाळणी धरावी, नाहीतर मनगटाचे मसुराएवढे तुकडे मोरीत जातात. शेवटी ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये बुडवायचं. कपड्यांचं ब्लीच अजिबात वापरू नये, त्याने हाडाचा भुगा सुटतो.

एवढा खटाटोप मनगटासाठी, कारण या विषयाची दिशा मनगटानेच बदलली. १९६४ मध्ये अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात येल विद्यापीठाच्या जॉन ऑस्ट्रम यांच्या तुकडीला एका शिकारी डायनोसॉरची हाडं सापडली. १९६९ मध्ये ऑस्ट्रम यांनी त्याचं डायनोनिकस असं बारसं केलं. त्याच्या मनगटात अर्धचंद्राकृती हाड होतं. त्यामुळे पंजा पक्ष्याच्या पंखासारखा बाजूला मिटायचा. आर्किऑप्टेरिक्स या पिसं असलेल्या पुरातन पक्ष्याच्या मनगटातही असंच हाड आहे. कोंबडीत ते पुढच्या हाडांशी जुळून एक होतं. पण बाजारातली ब्रॉयलर कोवळी असते, म्हणून तिच्यात ही जुळणी बऱ्याचदा अर्धवट दिसते.

पक्षी डायनोसॉरांपासून आले हे नातं सुचलं मात्र बरंच आधी. जर्मनीत बव्हेरियातल्या सोल्नहोफेनच्या चुनखडीत (शिळाप्रेसचा दगड याच खाणींतून निघायचा) १८६१ मध्ये पिसांसकट आर्किऑप्टेरिक्स मिळाला, आणि १८६२ मध्ये ब्रिटिश म्युझियमने इतर जीवाश्मांसकट त्याच्या खरेदीसाठी ७०० पौंड मोजले. पुढच्या काही वर्षांतच थॉमस हक्सली यांनी पक्षी आणि डायनोसॉर यांचं साम्य मांडलं. मग ऑस्ट्रमपर्यंत शंभर वर्षं का गेली?

कॉलरबोनमुळे. डेन्मार्कचे चित्रकार आणि अभ्यासक गेरहार्ड हाइलमन यांनी १९२६ च्या इंग्रजी ग्रंथात पक्षी आणि मांसाहारी डायनोसॉर यांच्यातली साम्यं एकेक करून दाखवली, आणि शेवटी निकाल उलटा दिला. पक्ष्यात दोन्ही कॉलरबोन जुळून इंग्रजी वाय अक्षरासारखं हाड बनतं. डायनोसॉरांत कॉलरबोन मिळालेलं नाही, आणि एकदा नाहीसा झालेला अवयव उत्क्रांतीत परत येत नाही. तेव्हा पक्षी त्यांच्यापासून आलेच नसावेत, असा त्यांचा युक्तिवाद. तर्कात खोट नव्हती, माहितीत होती. १९२४ मध्येच वर्णन झालेल्या ओव्हिरॅप्टरमध्ये ते हाड होतं, फक्त त्याला भलतंच नाव दिलं गेलं होतं. १९३६ मध्ये अमेरिकेतल्या सेजिसॉरसमध्ये कॉलरबोनची नोंद झाली, तरी बराच काळ कोणी मनावर घेतलं नाही. हे हाड मुळात बारीक; सांगाडा विस्कटला की ते वाहून जातं किंवा बरगडीत मोजलं जातं.

विद्यार्थ्याच्या तक्त्यात हा प्रसंग आजही डोकावतो. १९८६ मध्ये जॅक गॉथिए यांनी पक्ष्यांना डायनोसॉरांच्या वंशवृक्षात पद्धतशीर बसवल्यापासून प्रत्येक जीवाश्मासाठी शेकडो लक्षणं नोंदवायची रीत पडली. लक्षण नाही असं दिसलं तर ०, आहे तर १, आणि तो भागच शिल्लक नसेल तर प्रश्नचिन्ह. दात नसलेल्या पक्ष्यात दाताच्या धारेचा प्रश्नच उद्भवत नाही, तिथे आडवी रेघ. नवखा विद्यार्थी हमखास चुकतो तो ० आणि प्रश्नचिन्हात. छाती फुटलेल्या नमुन्यात कॉलरबोनपुढे ० लिहिणं म्हणजे हाइलमन यांचीच चूक संगणकाला शिकवणं. आणि संगणक काही तक्रार करत नाही, तो निमूट झाड काढून देतो.

नमुन्यावर लावलेल्या नावाच्या चिठ्ठ्यांवर विश्वास न ठेवण्याची सवयही अनुभवातून आलेली. आइखश्टेटचा आर्किऑप्टेरिक्स १९५१ मध्ये मिळाला, पण पिसांचे ठसे पुसट असल्याने बरीच वर्षं तो काँप्सोग्नेथस हा लहान डायनोसॉर म्हणून पडून होता. म्हणून संग्रहालयात गेल्यावर दिवा सरळ वरून न धरता दगडाच्या पातळीला जवळजवळ समांतर धरतात. तिरक्या प्रकाशात पुसट ठसा सावलीने उठून दिसतो. त्यानंतर अतिनील दिवा लावतात. हाड, खडक आणि नंतर लावलेला गोंद त्यात वेगवेगळे चमकतात.

गोंदाची भीती खोटी नाही. १९८५ मध्ये फ्रेड हॉइल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनचा आर्किऑप्टेरिक्सच बनावट असल्याचा आरोप केला: सरपटणाऱ्या प्राण्याच्या सांगाड्याभोवती सिमेंटसारखा लेप देऊन पिसं दाबली, असं त्यांचं म्हणणं. जयंत नारळीकरांचे गुरू म्हणून मराठी वाचकाला परिचित असलेले हॉइल खगोलात कितीही मोठे असोत, इथे त्यांचा अंदाज फसला. संग्रहालयाने १९८६ मध्ये उत्तर दिलं. केसासारख्या बारीक भेगा हाडं आणि पिसं दोन्हींतून सलग जात होत्या, आणि दगड दुभंगून झालेल्या दोन्ही फाकांवर खनिजांची झाडासारखी नक्षी समोरासमोर तंतोतंत जुळत होती. असा लेप कोणालाच देता येणार नाही.

दहा-पंधरा वर्षांनी खरी बनावट आली. चीनच्या लियाओनिंग प्रांतात १९९६ मध्ये सायनोसॉरोप्टेरिक्स हा पिसांसारख्या तंतूंचा डायनोसॉर जाहीर झाला आणि तिथल्या पाट्यांना भाव आला. खणणारे शेतकरी तुटलेले तुकडे जोडून विकू लागले, कारण पूर्ण सांगाड्याला पैसे जास्त. अशीच एक जोडलेली पाटी, ‘आर्किओरॅप्टर’, डायनोसॉर आणि पक्षी यांच्यातला दुवा म्हणून नोव्हेंबर १९९९ च्या नॅशनल जिओग्राफिकमध्ये झळकली. टेक्सास विद्यापीठात झालेल्या सीटी स्कॅनमध्ये त्या पाटीत ८८ तुकडे मोजले गेले. दोन्ही पाय म्हणजे एकाच पायाच्या दोन फाका होत्या. डिसेंबरमध्ये चिनी जीवाश्मतज्ज्ञ शू शिंग यांना चीनमध्ये शेपटीची दुसरी फाक मिळाली, ती मायक्रोरॅप्टर या डायनोसॉरची. पुढचा भाग यानॉर्निस या पक्ष्याचा निघाला. वाईट याचं की दोन्ही जीवाश्म आपापल्या जागी अस्सल आणि मोलाचे होते. तेव्हापासून जोडांच्या दोन्ही बाजूंना खडकाचा थर, कण आणि भेगा जुळतात का हे आधी पाहायचं, मग हाडांकडे वळायचं, असा दंडक आहे.

महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्याला असा नमुना घराजवळ मिळण्याची आशा कमी. सोल्नहोफेन आणि लियाओनिंगमध्ये शांत पाण्यात बारीक गाळ बसला. आपल्याकडचे डायनोसॉरांचे लामेटा थर बरेचसे नदीकाठचे आणि जुन्या मातीचे, त्यात पक्ष्याची पोकळ हाडं टिकणं अवघड. गुजरातच्या सुरत जिल्ह्यातल्या वस्तानच्या लिग्नाइट खाणीत मात्र इओसीन या डायनोसॉरांनंतरच्या काळातली सुटी हाडं मिळाली, आणि २००७ मध्ये त्यांवरून वस्तानाव्हिस हा पक्षी नोंदवला गेला. जळगाव जिल्ह्यातल्या पाटणे इथे शहामृगाच्या अंड्याची कवचं मिळाली आहेत, त्यांतल्या एकावर माणसाने कोरलेली नक्षी आहे. कवचाच्या कामात हाडांची ओळख लागत नाही. तुकडा रेझिनमध्ये बसवून प्रकाश आरपार जाईल इतका पातळ घासायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली थर व छिद्रं पाहायची. घासण्यात घाई झाली तर आतली शंकूसारखी बुडं आधी निघून जातात, आणि कवच कोणत्या बाजूने पाहतोय हेच कळेनासं होतं.