ओढ्यातला मासा आणि काठावरची जमीन

त्र्यंबकेश्वरच्या डोंगरउतारावरून गोदावरीकडे वाहणाऱ्या एखाद्या ओढ्यात पावसाळा ओसरल्यावर उभे राहून पाहावे. धोंड्याला चिकटून बसलेला तपकिरी, बोटभर लांबीचा मळ्या मासा तिथे दिसण्याची शक्यता बरीच असते. याच्या तोंडामागे खालच्या बाजूस एक चकती असते. तिच्या आधाराने तो वाहत्या पाण्यात दगड धरून राहतो आणि दगडावरचे शेवाळ खरवडून खातो. त्याच पाण्यात खड्यांच्या फटींतून मुरी नावाची मासळी वळवळत असते आणि कीटकांच्या अळ्या वेचून खाते. ब्रिटिश लष्करी अधिकारी कर्नल विल्यम साइक्स यांनी १८३९ मध्ये दख्खनच्या माशांचे शास्त्रीय वर्णन केले, तेव्हा त्यांनी अनेक माशांची इथल्या लोकांच्या तोंडची नावेच लॅटिन लिपीत उतरवली. म्हणून या दोघांच्या शास्त्रीय नावांत ‘मुल्या’ आणि ‘मूरेह’ हे शब्द आजही टिकून आहेत.

हे दोन्ही मासे दगडाच्या आश्रयाने जगतात. पण तो दगड उघडा राहणार की गाळाखाली जाणार, हे काठावरच्या उतारावर ठरते. झाडी असलेल्या उतारावर पावसाचा मारा पाने आणि पालापाचोळा झेलतात, मुळे माती धरून ठेवतात आणि पाणी सावकाश मुरते. तोच उतार मोकळा करून वरून खाली नांगरला, तर जूनच्या पहिल्या जोरदार सरींतच माती ओढ्यात येते. गढूळ पाणी दोन दिवसांत निवळते, त्यामुळे नुकसान टळले असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात बारीक गाळ खड्यांमधल्या फटींत बसून राहतो. फटी बुजल्या की मुरीचा निवारा जातो, तिचे खाद्य असलेल्या अळ्या कमी होतात आणि खड्यांमध्ये घातलेल्या अंड्यांना खेळत्या पाण्यातून मिळणारा प्राणवायू तुटतो. दगडावर गाळाचा थर बसला की मळ्याला खरवडायला स्वच्छ शेवाळही उरत नाही. ओढ्याची हानी मोजताना आपण पाण्याचा रंग आणि वास पाहतो, तळ मात्र क्वचितच पाहतो, याची मला मनापासून खंत वाटते.

काठावरच्या करंज, उंबर आणि जांभळाच्या सावलीचे काम याहून निराळे आहे. समुद्रसपाटीला २० अंश सेल्सिअस तापमानाच्या लिटरभर पाण्यात जास्तीत जास्त सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, तर ३० अंशांना तो साडेसातच्या आसपास येतो. उथळ, उघड्या ओढ्यात एप्रिल-मेमध्ये पाणी तापते, तेव्हा माशाच्या शरीराची प्राणवायूची गरज वाढलेली असते आणि पाण्यातला साठा घटलेला असतो. गळून पडणारी पाने हे अळ्यांचे अन्न असते आणि अळ्या माशांचे. अर्थात संपूर्ण अंधारही उपयोगाचा नाही, कारण शेवाळाला ऊन लागते. ऊन-सावलीचा मेळ असलेल्या काठालगत अधिक प्रकारचे मासे पोटापाण्याची सोय करू शकतात.

इगतपुरीला वर्षाकाठी सरासरी ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तिथून जेमतेम ५० किलोमीटरवर सिन्नरकडे तो ५०० ते ६०० मिलिमीटरवर येतो. बेसाल्टच्या, म्हणजे इथल्या काळ्या खडकाच्या, फटींत मुरलेले पाणी पश्चिमेकडच्या काही ओढ्यांना पावसाळ्यानंतरही झिरपत पुरते, पण पूर्वेकडचे ओढे लवकर तुटतात आणि डोह तेवढे उरतात. त्या डोहांत मरळासारखे मासे तग धरतात, कारण मरळ पाण्याबाहेर तोंड काढून हवेतला प्राणवायू घेऊ शकतो. माणसाने उताराची झिरपण्याची क्षमता कमी केली, तर पश्चिमेचा ओढाही पूर्वेच्या ओढ्यासारखा वागू लागतो. ओढ्यावर त्याच्या खोऱ्याचीच सत्ता चालते, या आशयाची मांडणी कॅनडातील शास्त्रज्ञ नोएल हाइन्स यांनी १९७५ मध्ये केली होती.

दिंडोरी-निफाडच्या द्राक्षपट्ट्यात हा विचार अधिक टोकदार होतो. डाऊनी या बुरशीजन्य रोगासाठी बागेत फवारल्या जाणाऱ्या बोर्डो मिश्रणात मोरचूद असते आणि त्यातले तांबे अगदी अल्प प्रमाणातही माशांच्या वास घेण्याच्या क्षमतेवर आघात करते. शत्रूची चाहूल आणि अन्नाचा माग मासा वासावरच काढतो. बाग आणि ओढा यांमध्ये गवत-झुडपांचा पट्टा राखला, तर वाहून येणारी माती आणि तिला चिकटलेले तांबे यांचा बराचसा भाग तिथेच अडतो. नाशिक शहरात नासर्डीसारख्या प्रवाहाची कहाणी उघड आहे: छपरे आणि रस्ते पाणी मुरू देत नाहीत, पूर झटकन येतो आणि त्याबरोबर सांडपाणीही. धरणांच्या संथ पाण्यात, १९५२ मध्ये भारतात आणलेल्या तिलापियासारख्या चिवट माशांना मोकळे रान मिळते.

शेवटी चढणीचा मासा. मृगाच्या पावसाने ओढे जोडले गेले की मासे अंडी घालण्यासाठी प्रवाहाच्या विरुद्ध वर निघतात. वाटेत रस्त्याखालची मोरी आली आणि तिच्या नळातून पाणी खाली उंचावरून कोसळत असेल, तर वरचे सारे खोरे त्या हंगामापुरते त्यांना बंद होते. नवी मोरी बांधताना तोच नळ ओढ्याच्या तळापेक्षा थोडा खोल बसवून त्यात खडी-वाळू साठू दिली, तर पाण्याची धार मंदावते आणि मासे त्यातून वर जातात.