पेठ रुंद केली की ऊन आत येतं

वाशीम जिल्ह्यातल्या कारंजा लाडला चार दिशांना चार वेशी आहेत: दिल्ली, दारव्हा, पोहा आणि मंगरूळ. हा कापसाचा मुलूख. मूर्तिजापूर-यवतमाळ मार्गावरची नॅरोगेज ‘शकुंतला’ इथूनच जायची. नृसिंह सरस्वतींचं जन्मस्थान म्हणून भाविकांचा राबता तर बाराही महिने. अशा जुन्या पेठेत नवं बांधायचं म्हटलं की बहुतेक तालुक्याच्या गावांत एकच आराखडा पुढे येतो: रस्ता रुंद करा, खाली गाळे, वर फ्लॅट, तळघरात पार्किंग.

दुकान आणि घर एकाच छपराखाली असावं, हे चांगलंच. पण पेठेला ते नवं नाही. पुढे ओटा आणि दुकान, मागे वखार, मध्ये चौक, माडीवर बिऱ्हाड, असंच तिथे पिढ्यान्‌पिढ्या चाललं. नवं आहे ते फक्त रस्त्याचं माप, आणि घोळ नेमका तिथेच होतो.

हिशेब करून पाहू. कारंजा साधारण साडेवीस अंश उत्तर अक्षांशावर आहे, म्हणून मेच्या तिसऱ्या आठवड्यात भर दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो. तेव्हा कुठलीच गल्ली सावली देत नाही. पण सूर्य पश्चिमेकडे कलला की भिंतीची उंची आणि गल्लीची रुंदी यांचं गुणोत्तर कामाला लागतं. दक्षिणोत्तर गल्ली 3 मीटर रुंद आणि दोन्ही बाजूंची घरं 6 मीटर उंच असतील, तर दुपारी सव्वादोनच्या आसपासच गल्लीची फरशी पूर्ण सावलीत जाते. तीच गल्ली 12 मीटर केली आणि घरांची उंची तेवढीच ठेवली, तर पूर्ण सावलीसाठी पावणेपाच वाजतात. पारा 45 च्या घरात असताना हे अडीच तास म्हणजे दुकानदाराचा धंदा आणि खेड्यातून बाजाराला आलेल्या म्हाताऱ्या माणसाचा जीव. रुंद रस्त्यावर कडुनिंब लावले तर काही भरपाई होते, पण गाड्या उभ्या करायच्या म्हणून झाडांना जागा कोणी सोडत नाही.

भिंतींचंही तसंच. पांढऱ्या मातीची दीड फूट जाड भिंत बाहेरची उष्णता आत पोचवायला 10-12 तास लावते. म्हणजे दुपारचं ऊन मध्यरात्रीनंतर आत येतं, जेव्हा बाहेरची हवा निवलेली असते आणि चौकातून ती गरमी निघून जाते. काँक्रीटची सहा इंची भिंत चारेक तासांतच तापते, ऐन संध्याकाळी.

मला सगळ्यात जास्त काळजी तळघराची वाटते. वऱ्हाडातल्या काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं. त्याच्या थरांमध्ये पाणी शिरलं की माती फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि भेगा पडतात. वर्षानुवर्षांच्या वजनाखाली बसलेल्या जुन्या पायाशेजारी खोल खड्डा खणला की तिथला ओलावा बदलतो, मातीचा आधार सुटतो आणि शेजारच्या घराची भिंत फाकते. यावर उपाय आहेत. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने काळ्या मातीसाठी तळाशी फुगीर असलेले पाइल, म्हणजे पायासाठी जमिनीत खोल उतरवलेले काँक्रीटचे खांब, विकसित केले. ते साधारण साडेतीन मीटर खोल नेतात, कारण तिथे ऋतूंप्रमाणे ओलावा फारसा बदलत नाही. लहान बांधकामाला पायाखाली काळी माती काढून दाबलेल्या मुरमाचा जाड थरही चालतो.

म्हणून पेठेतल्या एखाद्या पडक्या वखारीच्या जागी नवं उभारायचं असेल, तर माझ्या मते गल्लीची रुंदी आणि घरांची उंची आहे तशीच ठेवावी. खाली सलग ओटे, म्हणजे विक्रेत्यांना आणि थकलेल्यांना बसायला जागा. आत चौक, वर भाड्याची घरं आणि भाविकांसाठी खोल्या. तळघर नको, पार्किंग वेशीबाहेर आणि मालाच्या गाड्या पहाटे. अरुंद गल्लीत अग्निशमनाचा बंब शिरत नाही, ही अडचण खरी आहे. ती सोडवायला घरं पाडावी लागत नाहीत: ठरावीक अंतरावर दाबाच्या पाण्याचे नळ आणि माडीवरून उतरायला दुसरा जिना हवा. जुन्या मातीच्या भिंतींना सिमेंटचा गिलावा मात्र करू नये. ओलावा आत अडकतो, क्षार फुलतात आणि भिंत आतून भुसभुशीत होते. तिथे चुन्याचाच गिलावा हवा.

यातलं काहीही कागदावर उतरवण्याआधी पेठेतल्या गळक्या नळांची आणि तुंबलेल्या नाल्यांची दुरुस्ती व्हावी. काळ्या मातीला फुगवणारं पाणी अनेकदा तिथूनही येतं.