‘कोटोनू’ खेळाडू म्हणजे कोण? परदेशी बास्केटबॉल करारांची पार्श्वभूमी

स्पेनमधल्या एखाद्या क्लबची यादी चाळली तर अमेरिकेत जन्मलेल्या, तिथल्याच कॉलेजात खेळलेल्या गार्डच्या (चेंडू पुढे नेणाऱ्या खेळाडूच्या) नावासमोर जमैका किंवा सेनेगल लिहिलेले आढळते. एजंट लोक त्याला ‘कोटोनू’ म्हणतात. कोटोनू हे बेनिनमधले बंदराचे शहर, बास्केटबॉलशी त्याचे काही नाते नाही. तरीही या एका शब्दावर कित्येकांचे करार जुळतात किंवा फिसकटतात.

जुना काळ थोडक्यात. १९६६ मध्ये इटलीच्या मिलान क्लबने युरोपियन चषक जिंकला तेव्हा संघात ऑक्सफर्डला शिकणारा एक अमेरिकन होता. तो पुढे सिनेटर झाला. खेळ तेव्हा कागदावर ‘हौशी’ होता, पैसे मात्र दिले जातच होते. हा देखावा एप्रिल १९८९ मध्ये आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल संघटनेच्या म्युनिकच्या बैठकीत संपला. व्यावसायिक खेळाडूंवरची बंदी ५६ विरुद्ध १३ मतांनी उठली. त्यानंतर १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये एनबीए या अमेरिकी व्यावसायिक लीगमधले तारे उतरले, ते सर्वांना ठाऊक आहे. परदेशात खेळून पोट भरणाऱ्या साध्या खेळाडूच्या आयुष्यात मात्र त्याहून मोठा फरक कोर्टकचेऱ्यांनी पाडला.

तोवर युरोपातल्या लीगमध्ये परदेशी खेळाडूंना मोजक्याच जागा असत आणि शेजारच्या देशातून आलेलाही ‘परदेशी’च ठरे. अशी जागा मिळालेल्याने गुणांचा रतीब घालायचा. ओळीने चार सामने हरले की परतीचे पहिले तिकीट त्याचेच. १५ डिसेंबर १९९५ ला एका बेल्जियन फुटबॉलपटूच्या दाव्यात लक्झेंबर्गमधल्या युरोपियन संघाच्या न्यायालयाने युरोपियन संघातल्या नागरिकांपुरती ही मर्यादा मोडली. बास्केटबॉलचा स्वतःचा खटला लगेच मागून आला. फिनलंडच्या एका खेळाडूने ३ एप्रिल १९९६ ला बेल्जियन क्लबशी करार केला. नोंदणीची मुदत युरोपियनांसाठी २८ फेब्रुवारी आणि बाकी जगासाठी ३१ मार्च होती. क्लबने त्याला तरीही उतरवले, सामना जिंकला आणि बेल्जियन संघटनेने तो ०-२० असा हरल्याचे जाहीर केले. एप्रिल २००० मध्ये न्यायालयाने म्हटले की मुदत असायला हरकत नाही, पण युरोपियनाला आधीची आणि बाहेरच्याला नंतरची मुदत द्यायची तर त्याला सबळ कारण हवे.

खरा गुंता यापुढचा. युरोपियन संघाने बाहेरच्या अनेक देशांशी सहकार्य करार केले होते. त्यांत एक साधे कलम असे: कायदेशीर नोकरीत असलेल्या कामगाराशी कामाच्या अटी, वेतन आणि बडतर्फी यांत राष्ट्रीयत्वावरून भेदभाव करायचा नाही. हे कलम वेल्डरसाठी लिहिले असेल, पण खेळाडूही कामगारच. पोलंड युरोपियन संघाबाहेर असताना तिथल्या एका महिला बास्केटबॉलपटूने स्ट्रासबुर्गच्या क्लबशी करार केला. परदेशी खेळाडूंचा कोटा भरल्याचे सांगून तिची नोंदणी नाकारण्यात आली. ती न्यायालयात गेली. ३० डिसेंबर २००२ ला फ्रान्सच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला. या प्रकरणाला मिळायला हवी तेवढी प्रसिद्धी कधीच मिळाली नाही. २००३ मध्ये स्लोव्हाकियाच्या हँडबॉल गोलरक्षकाच्या आणि २००५ मध्ये रशियन फुटबॉलपटूच्या दाव्यात लक्झेंबर्गनेही तोच तर्क लावला.

आफ्रिका, कॅरिबियन आणि पॅसिफिकमधल्या सत्तरहून अधिक देशांशी जून २००० मध्ये कोटोनूत करार झाला, तोच ‘कोटोनू करार’. तो १ एप्रिल २००३ पासून लागू झाला आणि त्यातही हेच कलम होते. स्पेनच्या लीगने अशा खेळाडूंना युरोपियनांच्या रकान्यात बसवले. तेव्हापासून अशा देशाचा पासपोर्ट मिळवून देणाऱ्या आजी-आजोबांच्या जन्मदाखल्यांना भाव आला.

चुका इथेच होतात. पहिली चूक देश ओळखण्यातली. क्यूबा त्या देशांच्या गटात आहे, पण त्याने या करारावर सही केलेली नाही. डॉमिनिकन प्रजासत्ताक चालते, पोर्तो रिको अमेरिकेचा भाग असल्याने चालत नाही. दुसरी चूक कलम वाचण्यातली. ते नोकरीत असलेल्याला समान वागणूक देते, देशात शिरण्याचा हक्क देत नाही. व्हिसा आणि कामाचा परवाना वेगळाच काढावा लागतो. तो रखडला तर खेळाडू ‘युरोपियन’ ठरूनही पहिले सामने बाकावरसुद्धा बसू शकत नाही. तिसरी चूक सर्व लीग सारख्याच धरण्याची. कोण कोणत्या रकान्यात, हे त्या-त्या हंगामाची नियमावली ठरवते. आता अनेक ठिकाणी राष्ट्रीयत्वाऐवजी ‘स्थानिक घडणीचे’ खेळाडू मोजतात, म्हणजे किशोरवयात ठरावीक हंगाम त्या देशात खेळलेले. तिथे कुठलाच पासपोर्ट कामाला येत नाही.

राष्ट्रीय संघाचा हिशोब तर पूर्ण निराळा. वयाच्या सोळाव्या वर्षानंतर नागरिकत्व घेतलेला एकच खेळाडू संघात चालतो. २०११ च्या युरोपियन स्पर्धेत मॅसिडोनिया चौथा आला तो अशाच एका अमेरिकन गार्डच्या जोरावर. शिवाय नोव्हेंबर २०१७ पासून पात्रता सामने ऐन हंगामात येतात. पासपोर्ट देणारा देश बोलावतो आणि पगार देणारा क्लब कपाळाला आठ्या घालतो. कोटोनूच्या जागी आलेला नवा करार नोव्हेंबर २०२३ मध्ये सामोआत झाला, पण बोलण्यात शब्द अजून जुनाच आहे.

करारांचा साचा मात्र फारसा बदललेला नाही. पगार बहुधा ‘नेट’ असतो, म्हणजे कर क्लब भरतो. सोबत घर, गाडी आणि विमानाची तिकिटे असतात, एजंटचे साधारण १० टक्केही क्लबच देतो. अमेरिकन खेळाडूने कर भरल्याचा दाखला हंगाम संपण्याआधी मागून घ्यावा, कारण मायदेशी विवरणपत्र भरताना तो लागतो आणि निघून गेलेल्या खेळाडूच्या ईमेलला उत्तर देण्याची क्लबला घाई नसते. खेळाडू पोहोचल्यावर मेडिकल (वैद्यकीय तपासणी) किती तासांत होईल आणि त्यानंतर रक्कम हमीची ठरेल का, हे करारात असावे. नाहीतर सराव शिबिरात खेळ आवडला नाही की जुना गुडघा अचानक ‘सापडतो’.

हप्ते थकले की बॅग भरून निघणे ही सर्वात महाग चूक. आधी लेखी नोटीस, मग करारातली मुदत, मगच करार संपवायचा. क्रम चुकला तर करार मोडणारा खेळाडूच ठरतो आणि नव्या देशात खेळायची मोकळीक देणारे ‘लेटर ऑफ क्लिअरन्स’ अडते. जुन्या देशाच्या संघटनेने या पत्राबाबत सात दिवसांत उत्तर द्यायचे असते. नकाराला एकच कारण चालते: जुना करार अजून चालू आहे. २०११ च्या एनबीए टाळेबंदीत, म्हणजे मालक-खेळाडू वादातून लीग बंद पडली तेव्हा, तिथल्या करारबद्ध खेळाडूंना ‘टाळेबंदी संपली की परत’ या अटीवर पत्रे मिळाली. चीनच्या लीगने मात्र मध्येच सोडण्याची मुभाच ठेवली नाही. त्यामुळे डिसेंबरमध्ये एनबीए सुरू झाली तरी तिकडे गेलेले चिनी हंगाम संपेपर्यंत अडकले.

थकबाकीच्या तंट्यांसाठी २००७ पासून जिनिव्हात बास्केटबॉलचा लवाद आहे. करारात त्याचे कलम असेल तरच तो दावा घेतो. त्यातला एकच पंच न्याय्य वाटेल तसा निर्णय देतो, सुरुवातीचे शुल्क परत मिळत नाही. निर्णय न पाळणाऱ्या क्लबवर नवे खेळाडू नोंदवण्याची बंदी येते. हा धाक क्लबला पुढचा हंगाम खेळायचा असेल तोवरच चालतो. क्लबच बंद पडला तर निकालाचा कागद तेवढा हाती राहतो.