मच्छर औषध पचवतोय, की औषधापर्यंत पोचतच नाही?

गडचिरोलीत एटापल्ली-धानोऱ्याकडच्या गावात घरफवारणी होऊनही हिवतापाचे रुग्ण निघाले, की औषधच कुचकामी ठरवलं जातं. कधी ते खरंही असतं. पण कधी झोपायची खोली फवारूच दिलेली नसते, नाहीतर पोळ्याआधी भिंती शेणामातीनं लिंपल्या जातात आणि औषध त्याखाली जातं. धान राखायला रानात झोपलेल्याला चावणाऱ्या मच्छराचा तर भिंतीशी संबंधच येत नाही.

गणिती प्रारूपात हे दोन वेगळे आकडे असतात: शंभरातले किती मच्छर औषधावर टेकले, आणि टेकलेल्यांतले किती मेले. समजा 80 टेकले, निम्मे मेले; म्हणजे 40. दुसऱ्या गावात 40च टेकले, पण सगळे मेले. तिथेही 40च! पहिल्या हंगामात दोन्ही गावं सारखीच दिसतात.

पुढे वाटा फुटतात. पहिल्या गावात औषध सोसून जगलेल्या माद्या अंडी घालतात आणि तो गुण पिढ्यान्‌पिढ्या वाढत जातो. दुसऱ्या गावात वाचलेल्यांची औषधाशी गाठच पडलेली नसते, त्यामुळे औषधाची धार टिकते. बीटी कपाशीभोवती साध्या कपाशीच्या ओळी लावायला सांगायचे, त्यामागे हाच हिशेब होता: काही अळ्यांची बीटीच्या विषाशी गाठच पडू नये.

म्हणून भिंती मोकळ्या सोडायच्या का? मुळीच नाही. हिवतापाचा जंतू मच्छराच्या अंगात तयार होऊन लाळेत उतरायला साधारण 10-12 दिवस लागतात. रोज 90 टक्के मच्छर जगत असतील तर दहा दिवसांनी शंभरातले 35 उरतात. रोज 80 टक्के जगले तर जेमतेम 11. जॉर्ज मॅकडोनाल्ड यांनी 1950च्या दशकात मांडलेल्या गणिताचा गाभा हाच: मच्छराचं आयुष्य थोडं घटलं तरी रोगाचा प्रसार खूप घटतो.

नेमकं काय घडतंय ते दोन चाचण्यांतून कळतं. गावातले मच्छर औषधी कागदावर तासभर ठेवून 24 तासांनी मोजतात. 98 टक्के किंवा जास्त मेले तर औषध चालतंय. 90च्या खाली असेल तर प्रतिरोध, म्हणजे औषध सोसायचा गुण, पक्का. मग औषधाचा गटच बदलावा. डेल्टामेथ्रिनऐवजी त्याच पायरेथ्रॉइड गटातलं दुसरं औषध आणून फारसा फरक पडत नाही. दुसरी चाचणी भिंतीची: प्रयोगशाळेत वाढवलेले, प्रतिरोध नसलेले मच्छर फवारलेल्या भिंतीवर शंकूखाली अर्धा तास सोडतात. तेही जगले तर दोष भिंतीवरच्या थराचा. तिथे महागडं नवं औषध आणण्याआधी लिंपण उरकल्यावरची तारीख धरून पुन्हा फवारावं, आणि रानात मुक्कामाला जाणाऱ्यांना मच्छरदाणी सोबत द्यावी.