दोन राउटर, एक पत्ता

पुण्यात बाणेर, खराडी, हिंजवडी, कुठल्याही बऱ्या ऑफिसच्या सर्व्हर रूममध्ये डोकावलात तर दोन कंपन्यांच्या इंटरनेट लाइन आणि दोन राउटर दिसतील. तरीही एक राउटर बंद पडला की अख्ख्या मजल्याचं नेट जातं, असं होऊ शकतं. कारण राउटर दोन असले तरी बाहेर जायचा रस्ता म्हणून प्रत्येक कॉम्प्युटरला एकच पत्ता दिलेला असतो. त्याला डिफॉल्ट गेटवे म्हणतात. तो पत्ता ज्या राउटरचा, तोच बंद पडला तर शेजारचा धडधाकट राउटर नुसता बसून राहतो. त्याच्याकडे कोणी काही पाठवतच नाही.

यावरचा तोडगा मला नेटवर्किंगमधल्या सगळ्यात सुंदर कल्पनांपैकी एक वाटतो: गेटवेचा पत्ता कुठल्याच राउटरच्या मालकीचा ठेवायचा नाही. राउटर बनवणाऱ्या सिस्को कंपनीची यासाठीची स्वतःची एचएसआरपी पद्धत आधीपासून होतीच. १९९८ मध्ये व्हीआरआरपी हे मानक प्रसिद्ध झालं आणि वेगवेगळ्या कंपन्यांचे राउटरही एकमेकांची जागा घेऊ लागले.

व्हीआरआरपीचं उदाहरण घ्या. समजा, एका राउटरला १९२.१६८.१०.२ हा पत्ता दिला, दुसऱ्याला १९२.१६८.१०.३. कॉम्प्युटरना मात्र गेटवे सांगायचा १९२.१६८.१०.१, जो दोघांत सामाईक. कॉम्प्युटर या पत्त्याचा मॅक, म्हणजे नेटवर्क कार्डाचा ओळख क्रमांक, विचारतो तेव्हा उत्तर येतं ००-००-५ई-००-०१-०ए. हा मॅक कुठल्याही खोक्यातल्या कार्डाचा नाही. तो ठरतो पत्ता सामाईक असलेल्या राउटरांच्या गटाच्या क्रमांकावरून. शेवटचा ‘०ए’ म्हणजे गट १०, कारण मॅकच्या सोळा अंकी मोजणीत ए म्हणजे १०. म्हणून राउटर बदलला तरी कॉम्प्युटरला त्याचा पत्ताही लागत नाही. ऑफिसच्या सगळ्या केबल ज्यात जोडलेल्या असतात त्या स्विचला मात्र कळावं लागतं. त्यासाठी नवा राउटर सूत्रं हाती घेताच न विचारता एक एआरपी संदेश (‘या पत्त्याचा मॅक हा’ असं सांगणारा) सगळ्यांना पाठवतो, आणि हा मॅक आता कुठल्या पोर्टवर आहे ते स्विच त्यावरून टिपून घेतो. तुमच्या ऑफिसात हे आहे का, ते पाहणं सोपं आहे. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टवर एआरपीचा तक्ता काढा आणि गेटवेसमोरच्या मॅकची सुरुवात बघा. ती ००-००-५ई-००-०१ अशी असेल तर व्हीआरआरपी आहे.

कामावरचा राउटर दर सेकंदाला ‘मी आहे’ असा संदेश पाठवत असतो. तीन संदेश चुकले आणि वर थोडा वेळ गेला की राखीव राउटर पुढे होतो. हा ‘थोडा वेळ’ प्रायॉरिटीवरून, म्हणजे राउटरला दिलेल्या अग्रक्रमाच्या आकड्यावरून, ठरतो: २५६ मधून प्रायॉरिटी वजा करून २५६ ने भागायचं. प्रायॉरिटी १०० असेल तर एकूण ३.६ सेकंद, १५० असेल तर ३.४. राखीव राउटर दोन असले तर जास्त प्रायॉरिटीचा आधी जागा होतो, म्हणून भांडण होत नाही.

खरी मेख पुढेच आहे. हे ‘मी आहे’ फक्त आतल्या बाजूला ऐकू जातं. वाकडला जेसीबीने फायबर तोडली, तरी हिंजवडीतला राउटर सुखरूपच असतो. तो इमानेइतबारे ‘मी आहे’ सांगत राहतो आणि आलेला प्रत्येक पॅकेट वाया जातो. म्हणून त्याला बाहेरच्या लाइनवर नजर ठेवायला सांगावं लागतं: लाइन गेली की स्वतःची प्रायॉरिटी ११० वरून २० ने कमी कर, म्हणजे १०० वाला पुढे येईल. इथेही नुसतं पोर्ट चालू आहे का, एवढं पाहून भागत नाही. केबल दूर कुठेतरी तुटली तरी खोलीतल्या मीडिया कन्व्हर्टरचा (फायबर राउटरच्या केबलला जोडून देणाऱ्या खोक्याचा) दिवा हिरवाच राहू शकतो. बाहेरच्या एखाद्या पत्त्याला सतत पिंग करत राहणं, म्हणजे ‘आहेस का’ असं विचारून उत्तर येतं का ते पाहणं, हा भरवशाचा मार्ग.

वीज जाऊन आल्यावरही एक घोळ होतो. व्हीआरआरपीत जास्त प्रायॉरिटीचा राउटर सुरू होताच आपली जागा परत घेतो. ही त्याची मूळ सवय. पण तेव्हा बाहेरचे मार्ग त्याला अजून कळलेले नसतात. त्याला दोनेक मिनिटं थांबायला सांगावं. एचएसआरपीत उलट आहे. तिथे जागा परत घेण्याची मुभा मुद्दाम द्यावी लागते.

आणि दोन्ही राउटर एकाच यूपीएसवर, दोन्ही कंपन्यांची फायबर रस्त्याकडेच्या एकाच चरातून, असं असेल तर वरची सगळी जुळवाजुळव फुकट. लाइन घेतानाच दोन्ही कंपन्यांकडून केबलच्या मार्गाचा नकाशा मागून घ्यावा आणि इमारतीत त्या वेगवेगळ्या बाजूंनी येतात ना, ते स्वतः खाली उतरून पाहावं.